नवा सायलेन्सर आणि वाढलेले घोडे

मोटारीचा शौक आतां थोड्या धनिकांपुरता राहिलेला नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा मुलगा, पुतण्या अथवा भाचा असा निघेल कीं, ज्यास आपल्या आजोबांचें गोत्र विचारलें तर तो घुटमळेल, परंतु अमक्या गाडीस किती अश्वशक्ति आहे हें झोपेंतहि बिनचूक सांगेल. अशा तरुणांत एक समजूत दृढ झालेली दिसते. ती ही कीं, गाडीचें मूळचें धुराडें, म्हणजे इंजिनांतला जळका वायु बाहेर नेणारी नळी व तिच्यावरील सायलेन्सर, काढून टाकून त्या जागीं बाजारांत मिळणारें रुंद व मोकळें धुराडें बसविलें, म्हणजे इंजिनाची शक्ति दहा-पंधरा घोड्यांनीं वाढते. ही वाढ मोजून दाखविणारें यंत्रहि असतें आणि त्यानें काढलेला आलेख विक्रेता हातीं देतो. आलेख पाहिला कीं वडील मंडळी गप्प बसतात; छापील आकड्यापुढें वाद कसा घालावा हें कोणास सुचत नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहतो. त्याजपाशीं माझ्दा कंपनीची दोघांपुरती, वरचें छप्पर मागें टाकतां येण्यासारखी एक लहानशी स्पोर्ट्स मोटार आहे. त्यानें असाच एक आलेख आम्हांकडे पाठविला. एक निळी रेषा, तिच्या वरून जाणारी एक तांबडी रेषा आणि दोहोंमध्यें ठळक अक्षरांत 'नऊ घोडे अधिक'. खालीं प्रश्न होता : 'काका, हजार डॉलर लागतील. बाबा नको म्हणतात. तुम्ही काय म्हणतां?' आम्हांस मोटार हांकतां येत नाहीं. परंतु आलेख ज्या दुकानांत निघाला तेंच दुकान सायलेन्सर विकणारें होतें. वैद्यानेंच औषध विकावें आणि गुण आल्याचा दाखलाहि त्यानेंच द्यावा, असा तो प्रकार. तेव्हां हें मोजमाप होतें कसें व तें कितपत भरंवशाचें, एवढा भाग तपासावा असें आम्हीं ठरविलें. हा प्रश्न मोटारीचा कमी आणि शाळेच्या फळ्यावरचा अधिक आहे.

प्रथम घोडा म्हणजे किती हें पाहिलें पाहिजे. जेम्स वॅट यानें आपलीं वाफेचीं यंत्रें खपविण्यासाठीं तीं किती घोड्यांचें काम करतात हें सांगण्याची युक्ति योजिली, आणि एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणें म्हणजे एका घोड्याची शक्ति असें माप घालून दिलें. म्हणजे हा घोडा जन्मापासूनच बाजारांतला आहे. पुढें युरोपखंडांत मेट्रिक मापाचा दुसरा घोडा निघाला. तो वॅटच्या घोड्याहून किंचित् लहान. वॅटचे १०० घोडे म्हणजे मेट्रिकचे सुमारें १०१.४. अर्थात् गाडीचा एक स्क्रूहि न हलवितां, केवळ माप बदलून, दीडशें घोड्यांच्या गाडीस दोन घोडे वाढवितां येतात!

यंत्राची शक्ति प्रत्यक्ष मोजण्याची एक सोपी रीत १८२१ सालीं प्रोनी ह्या फ्रेंच अभियंत्यानें काढली. फिरत्या दांड्यास ब्रेक आवळावयाचा आणि त्या ब्रेकला जोडलेल्या दांडीच्या टोंकास किती वजन टांगलें असतां ती समतोल राहते हें पाहावयाचें, अशी ती रीत. त्यावरून यंत्राचा पीळ कळतो. मोटारवाले त्यास टॉर्क म्हणतात. पीळ व दर मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकारावरून शक्ति निघते. १८७७ मध्यें विल्यम फ्राउड यानें ब्रेकचें काम पाण्याकडून करून घेतलें. आजचीं डायनॅमोमीटर नांवाचीं यंत्रें ह्याच कुळांतलीं होत.

परंतु यंत्र कितीहि चांगलें असलें तरी इंजिन कोणत्या स्थितींत मोजलें, हें विचारावेंच लागतें. अमेरिकेंत १९७१ पर्यंत सर्वसाधारणपणें इंजिन चौथऱ्यावर बसवून, पंखा, हवेची गाळणी वगैरे लटांबर दूर करून व मोकळीं धुराडीं लावून मोजीत आणि तोच आकडा जाहिरातींत जाई. १९७२ पासून गाडींत असतें तसें, तिच्या सायलेन्सरसकट मोजलेला आकडा देण्याचा प्रघात पडला. शेव्हरोले कॉर्व्हेट ह्या प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटारीच्या साध्या इंजिनाचा आकडा त्यामुळें २७० वरून २०० वर आला. इंजिन जवळजवळ तेंच होतें.

आतां धुराड्याचा व शक्तीचा संबंध. तो मुळींच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असतां प्रत्येक सिलिंडर सेकंदास पन्नास वेळां जळका वायु बाहेर टाकतो. म्हणजे नळींतून सेकंदाला दोनशें धक्के जातात. वाट अरुंद असेल तर पिस्टनला तो वायु रेटून काढावा लागतो, व थोडा शिळा वायु आंतच राहून ताज्या मिश्रणाची जागा अडवितो. शिवाय प्रत्येक धक्क्याबरोबर नळींतून दाबाची एक लाट जाते. नळी जेथें एकाएकीं रुंदावते तेथून ती उलटी होऊन, ओढणारी लाट बनून परत येते. ही परतलेली लाट नेमकी सिलिंडराचीं दोन्ही दारें क्षणभर उघडीं असतां पोंचली तर ती शिळा वायु ओढून घेते व ताजा आंत घेण्यास मदत करते. परंतु लाट केव्हां पोंचावी हें नळीच्या लांबीवर व इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असल्यामुळें, एका वेगावर साधलेला हा मुहूर्त दुसऱ्या वेगावर चुकतो. म्हणून कांहीं धुराडीं ६,५०० फेऱ्यांवर चार घोडे देतात आणि रोज ज्या ३,००० फेऱ्यांवर गाडी चालावयाची तेथें दोन काढून घेतात. जाहिरात अर्थातच शिखराची असते. शिवाय लाटांचा हा सारा खेळ मुख्यतः इंजिनाजवळच्या नळ्यांत चालतो. मागच्या सायलेन्सरकडे बहुतेक केवळ अडथळ्याचाच हिशेब उरतो.

दुकानांत इंजिन बाहेर काढीत नाहींत. गाडीचीं चालतीं चाकें जमिनींतल्या एका जड पोलादी रोलरवर ठेवून, गाडी पट्ट्यांनीं करकचून बांधतात. मग बहुधा चौथ्या गिअरमध्यें अ‍ॅक्सिलरेटर पुरा दाबून इंजिन तळापासून शेंड्यापर्यंत पळवितात. रोलर किती जड आहे व त्याचें वजन कसें पसरलेलें आहे हें आधींच ठाऊक असतें. तो किती झपाट्यानें वेग घेतो यावरून चाकांपाशीं किती शक्ति पोंचली हें गणितानें काढतात. ब्रेक लावून पीळ मोजणारेंहि रोलर असतात, परंतु स्वस्त व पुष्कळ आढळणारे हे असे. येथें डोळ्यांसमोर घडतें तें फेऱ्यांचें व वेळेचें मोजमाप. शक्ति ही त्यावरून केलेलें अनुमान आहे. अनुमान म्हणजे असत्य नव्हे. मात्र त्यांत हेत्वाभास शिरावयास वाट राहते.

ती वाट किती रुंद आहे पाहा. हवा जितकी थंड व दाट तितकें इंजिन अधिक बलवान्. तपमान दहा अंश सेंटिग्रेडनें चढलें तर सुमारें दोन टक्के शक्ति घटते. दीडशें घोड्यांत हे तीन घोडे झाले. उंचीचा परिणाम याहून मोठा. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच असल्यानें तेथें हवेचा दाब मुंबईहून सुमारें साडेसहा टक्क्यांनीं कमी असतो. टर्बो नसलेली गाडी मुंबईहून बोरघाट चढून पुण्यास आली कीं, दीडशेंपैकीं जवळजवळ दहा घोडे घाटांतच सोडून येते. नवा सायलेन्सर जितके घोडे देऊं करतो, तितके नुसत्या हवेनें येतात आणि जातात.

ह्यासाठीं हवेचें तपमान, दाब व ओल पाहून आकडा सुधारून घेण्याची पद्धति आहे. परंतु तींतहि पाठभेद आहेत! अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचा एक नियम २५ अंश तपमान व ९९० मिलिबार कोरडी हवा प्रमाण धरतो. जुना नियम याहून थंड व दाट हवा धरीत असे, व त्याप्रमाणें तीच धाव सुमारें चार टक्क्यांनीं अधिक दिसते. कांहीं दुकानांतून जुना पाठ अद्यापि आवडीनें वापरतात. कां, तें सांगावयास नकोच.

याखेरीज टायरमधली हवा कमी असेल तर टायर दबून शक्ति खातो. पट्टे अधिक आवळले तरी तेंच होतें. गिअरमधलें तेल गार असतां एक आकडा, तापल्यावर दुसरा. आणि सर्वांत फसवा प्रकार इंजिनाच्या तापण्याचा. गाडी रस्त्यावरून तापून येते. लगेच जुन्या सायलेन्सरसह धाव होते. मग नवा बसविण्यास तास-दीड तास लागतो. तेवढ्यांत झांकणाखालची सगळी उष्णता निवते आणि दुसरी धाव थंड हवा ओढणाऱ्या, ताज्यातवान्या इंजिनाची होते. दोन घोडे वाढले हें खरें. पण ते सायलेन्सरनें दिले कीं तास-दीड तासाच्या विश्रांतीनें?

आलेखांतहि हातचलाखी असूं शकते. उभा अक्ष शून्यापासून न काढतां शंभरापासून काढला तर तीन घोड्यांची दरी डोंगरासारखी दिसते. पुतण्याच्या आलेखांत असेंच होतें. आम्हीं तोच आलेख चौकटीच्या कागदावर शून्यापासून काढून पाहिला, तेव्हां निळी व तांबडी रेषा कित्येक ठिकाणीं पेन्सिलीच्या जाडीखालीं एक झाल्या.

आतां आकड्यांचें एक लहानसें उदाहरण घेऊं. समजा, जुन्या सायलेन्सरसह तीन धावा केल्या आणि १२१, १२४ व १२२ असे आकडे आले. नव्यासह १२५, १२२ व १२६. पहिल्यांची सरासरी १२२.३, दुसऱ्यांची १२४.३; म्हणजे वाढ दोन घोड्यांची. परंतु कांहींहि न बदलतां केलेल्या तीन धावांतच तीन-चार घोड्यांचा फरक आहे. ज्या तराजूचा कांटा आपण होऊन चार गुंजा हलतो, त्यावर दोन गुंजा सोनें तोलून भाव करणारा सोनार आपण उभा करूं काय? आणि विक्रेत्यानें पहिल्यांतला १२१ व दुसऱ्यांतला १२६ उचलला, तर पांच घोडे वाढले असें छापावयास तो मोकळा. त्यांत एकहि आकडा खोटा नाहीं, हेंच त्यांतलें मर्म.

यावर उपाय आहे व तो आपल्याकडील न्यायशास्त्र्यांस चांगला परिचयाचा आहे. एक वस्तु असतां दुसरी असते, हा अन्वय. ती नसतां दुसरीहि नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याखेरीज कार्यकारणभाव पत्करूं नये. नवा सायलेन्सर लावल्यावर शक्ति वाढली, एवढ्यानें केवळ अन्वय झाला. तोच दिवस, तेंच यंत्र, तोच गिअर, टायरमध्यें तेवढीच हवा, इंजिनाचें पाणी व तेल तितकेंच तापलेलें, अशा स्थितींत नवा काढून जुना पुन्हां बसवावा व पुन्हां तीन धावा घ्याव्या. आकडा परत खालीं आला तर व्यतिरेकहि झाला, आणि मग घोडे सायलेन्सरचे असें खुशाल म्हणावें. हें सहसा कोणी करीत नाहीं. कारण काढ-घाल करणाऱ्यास मजुरी द्यावी लागते, आणि नवी वस्तु बसविल्यावर ती निरुपयोगी ठरावी असें गिऱ्हाइकासहि वाटत नसतें.

मोजमाप दक्षतेनें केलें तर त्यापुढें मोठ्या कंपन्यांसहि नमावें लागतें, याचा दाखला १९९९ सालचा आहे. फोर्ड कंपनीनें आपल्या मस्टँग कोब्रा ह्या गाडीस ३२० अश्वशक्ति असल्याचें जाहीर केलें होतें. पूर्वीची कोब्रा ३०५ ची. परंतु नवी गाडी जुनीपेक्षां मुळींच चपळ नाहीं असें मालकांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं गाड्या रोलरवर चढविल्या आणि शक्ति कमी भरते असें दिसून आलें. ऑगस्टमध्यें कंपनीनें विक्री थांबविली, गाड्या परत बोलाविल्या, आणि हवा आंत घेणारा नळ्यांचा जुडगा, इंजिनाच्या संगणकाची योजना व कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचें संपूर्ण धुराडें बदलून दिलें. २००० सालीं ही नेहमीची कोब्रा निघालीच नाहीं. पुढें २००१ सालच्या माझ्दा मियाटाचा आकडा १५५ वरून १४२ वर आणावा लागला व कंपनीनें गाड्या परत विकत घेण्याची तयारी दाखविली. आमच्या पुतण्याची गाडी ह्याच वंशांतली. मोजणाऱ्यास ही तूट पकडतां आली, कारण ती मोठी होती. रोलर निरुपयोगी आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तेरा घोडे हरवले तर तो सांगेल; दोन सांपडले असें म्हणाला तर मात्र त्यास उलट तपासावें.

आम्हांस सर्वांत पटलेली युक्ति याहूनहि साधी आहे. कार्य मोजण्यापेक्षां कारणच मोजावें. नव्या सायलेन्सरचा गुण म्हणजे अडथळा कमी करणें. मग मूळच्या सायलेन्सरमध्यें अडथळा आहे तरी किती? कन्व्हर्टर व सायलेन्सर यांच्या मधल्या नळीस लहान भोंक पाडून तांब्याची बारीक नळी जोडावी, ती दाब दाखविणाऱ्या गेजपर्यंत न्यावी व इंजिन पुऱ्या भरांत असतां कांटा पाहावा. दर चौरस इंचास एक पौंड दाब दिसला असें समजा. अशा इंजिनांत पिस्टनवर काम करणारा सरासरी दाब दीडशें पौंडांच्या आसपास असतो. त्यापुढें एक पौंड म्हणजे पाऊण टक्क्याहून कमी. दीडशें घोड्यांत एक घोडा. शिळा वायु उरल्यानें होणारें नुकसान मिळविलें तरी हिशेब एक-दोन घोड्यांचाच. सायलेन्सर समूळ काढून टाकला तरी ह्याहून अधिक मिळणार नाहीं, मग नवा कोठून देणार? उलट कांटा पांच-सहा पौंडांवर गेला, तर धुराडें खरोखरच कोंदलेलें आहे व खर्च सार्थकीं लागेल. हें आम्हीं पुतण्यास लिहिलें. त्यानें एका शनिवारीं मित्राच्या मदतीनें गेज जोडलें. कांटा दीड पौंडाच्या आंतच राहिला. हजार डॉलरांतून त्यानें चार चांगले टायर घेतले. दुकानदार त्याजवर थोडा रुष्ट आहे म्हणतात.

ज्यांस रोलर परवडत नाहीं ते घड्याळावर भिस्त ठेवतात. ६० पासून १०० किलोमीटर वेग येण्यास एकाच गिअरमध्यें किती वेळ लागतो, हें मोजणें तात्त्विक दृष्ट्या निर्दोष आहे. माणसासह ११०० किलोची गाडी एवढा वेग घेते तेव्हां तिच्या गतिशक्तींत सुमारें २,७२,००० ज्यूल वाढतात. हें साडेसहा सेकंदांत झालें तर नुसत्या वेगवाढीस सरासरी ५६ घोडे लागले. परंतु शक्ति दोन टक्क्यांनीं वाढल्यास वेळ वांचतो तो सेकंदाच्या आठव्या हिश्श्याइतका. घड्याळाचें बटण दाबणारें बोटच त्याहून अधिक रेंगाळतें. टाकींत वीस लिटर पेट्रोल कमी असलें तरी पंधरा किलो भार उतरून बहुतेक तेवढाच लाभ होतो. शिवाय वारा व चढ यांचा दोष जाण्यासाठीं दोन्ही दिशांनीं धावा घ्याव्या लागतात. आणि हे प्रयोग बंदिस्त धावपट्टीवर करण्याचे आहेत, हमरस्त्यावर नव्हेत.

मग इतक्या तरुणांस गाडी अधिक पळूं लागल्यासारखी कां वाटते? आमच्या मतें ह्याचें उत्तर कानांत आहे. मोठा, घुमणारा आवाज आला कीं माणसास वेग वाढल्याचा भास होतो. दोन घोडे पाठीस जाणवत नाहींत. दहा डेसिबल आवाज वाढला तर तो कानास दुप्पट वाटतो. ज्यास तो आवाजच हवा असेल त्यानें तसें सरळ म्हणावें. सतारीवर पैसे खर्चणाऱ्यास आपण घोडे विचारीत नाहीं. फक्त सतार रात्रीं साडेबारास गल्लीभर ऐकूं जात नाहीं.

टर्बो बसविलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. तेथें जळका वायुच हवा कोंबणारें चक्र फिरवितो. म्हणून चक्रामागची वाट मोकळी केल्यास खरा व मोठा लाभ होऊं शकतो. तरी नव्या गाड्यांतला संगणक ठराविक पीळच देऊं पाहतो, आणि त्याची योजना बदलल्याशिवाय पुष्कळदां तो लाभ गिळून टाकतो. मग धुराड्याच्या खर्चावर संगणकाचा खर्च.

एका बाबतींत मात्र आम्ही तडजोड करणार नाहीं. अधिक घोड्यांच्या लोभानें कांहीं जण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच कापून टाकतात. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलें इंधन व नायट्रोजनचीं विषारी संयुगें यांस निरुपद्रवी करणारें हें पात्र अमेरिकन गाड्यांत १९७५ सालच्या नमुन्यांपासून सर्रास आलें, व तें काढणें तेथें कायद्यानें गुन्हा आहे. आपल्याकडेहि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें ठरविलेल्या रचनेंत परस्पर फेरफार करूं देत नाहीं, आणि १९८९ च्या नियमांपैकीं १२० वा नियम प्रत्येक गाडीस आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असें सांगतो. पुण्यासारख्या शहरांतून पोलिसांनीं मोटारसायकलींचे कर्णकर्कश सायलेन्सर उतरवून रस्त्यावर मांडले व त्यांवरून रोडरोलर फिरविला, हीं चित्रें वाचकांनीं वर्तमानपत्रांत पाहिलींच असतील.

एवढें सांगूनहि घरांतला तरुण कायद्यांत बसणारें धुराडें घेण्याचा हट्ट धरील, तर त्यास अडवूं नये; फक्त मोजणीच्या दिवशीं त्याजबरोबर घरांतील कोणी वडील माणसानें जावें. भिंतीवरच्या तपमापकाचा आकडा प्रत्येक धावेच्या वेळीं वहींत टिपावा, आकडे कोणत्या नियमानें सुधारले हें विचारावें, इंजिन दोन्ही वेळां सारखेंच तापलेलें आहे ना हें पाहावें, आणि पैसे देण्यापूर्वीं दुकानदारानें निवडलेल्या दोन धावांचे नव्हे, तर झालेल्या सर्व धावांचे आलेख मागून घ्यावे.